आज मशीन उचलत नाही

"ड्रिल मशीन मिळेल का हो? बॅटरीवरचं? आत्ता… म्हणजे लगेच?"

खंडेनवमीच्या दुपारी नवी पेठेतल्या महेश्वरकाकांच्या हार्डवेअर दुकानात येऊन असं विचारणारा माणूस एक तर परगावचा, नाहीतर डोक्यानं सटकलेला. आम्ही सगळे फिटर तिथंच बसलो होतो. पाटावर लाल कापड, त्यावर करवती, पाने, हातोड्या, रंधे, आणि मधोमध माझं मशीन! हळदीकुंकवाची बोटं ओढलेलं, तोंडाभोवती झेंडूची माळ. प्लंबर कुमार तोंडात पेढा असतानाच हसत सुटला.

मी मान वर केली. उंच, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला… आणि चष्म्यामागं दोन डोळे इतके काळजीत, की माझं हसू ओठांवरच थांबलं. सगळं नाही थांबलं, थोडंच.

"मिळंल की," मी म्हटलं. "उद्या."

"उद्या माझ्या दुकानाचं उद्घाटन आहे हो! चष्म्याचं दुकान, इथंच, पुढच्या बोळात. बोर्ड आलाय, पण भिंत काळ्या दगडाची. लाइटचं मीटर अजून बसलं नाही, म्हणून वायरचं मशीन चालत नाही. सगळ्यांनी सांगितलं, बॅटरीचं हॅमर ड्रिल फक्त माया फिटरकडं आहे. तो कुठं भेटेल?"

दुकानात हशा पिकला. महेश्वरकाकांनी माझ्याकडं बोट केलं. "ही काय, समोर बसलीय."

त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघण्यासारखा होता. चष्मा काढला, पुसला, परत घातला. जणू चूक काचेचीच होती.

"मॅडम… म्हणजे… तुम्ही?"

"व्हय. आणि आज खंडेनवमी. आज हत्याराची पूजा असते, आज मशीन उचलत नाही. वर्षभर ते माझ्यासाठी दगड फोडतं, एक दिवस गप बसू द्या की त्याला."

"पण सकाळच्या गाडीनं जेऊरहून घरचे येणार… बोर्ड नसेल तर बाबा काय म्हणतील? मुळात त्यांना हे दुकानच मान्य नाही."

"दसऱ्याला अख्खा दिवस मुहूर्त असतो. सकाळी उत्तरपूजा झाली की मशीन उचलीन आणि पहिलं भोक तुमच्या भिंतीत पाडीन. शब्द दिला. आता पेढा घ्या आणि जा."

त्यानं पेढा घेतला. दारापर्यंत गेला, वळला. "माझं नाव पृथ्वीराज," म्हणाला, आणि लगबगीनं पायरी उतरताना ठेचकाळला. एवढं भारदस्त नाव आणि पायरी दिसत नाही. मला संध्याकाळपर्यंत अधूनमधून हसू येत राहिलं.

माझं पूर्ण नाव मायाक्का. आम्ही होटगीचे, मेंढरंवाले. माझे वडील, म्हणजे आबा, येडू कोळेकर, अजून मेंढरं घेऊन रानोमाळ जातात. मी बारावीनंतर आयटीआय केलं, एका फर्निचरवाल्याकडं राबले आणि त्या कमाईतून हे मशीन घेतलं. साधंसुधं नव्हे हं! वायर नाही, नुसतं फिरत नाही, फिरता फिरता ठोकतंही. काळा दगड असो की काँक्रीटचा खांब, लोण्यात सुरी जावी तसं जातं. पडदे, आरसे, टीव्ही, देव्हारे, अख्ख्या सोलापुरात माझ्या हातची भोकं आहेत.

आणि याच मशीनपायी माझं लग्न अडलं होतं. पहिल्या मुलाला मी पसंत होते, मशीन नव्हतं. दुसऱ्याच्या आईनं विचारलं, "लग्न झाल्यावर हे भावाला देऊन टाकशील ना गं?" मी तिच्यासमोरची पोह्यांची बशी उचलली आणि आत नेली. अर्धे पोहे राहिले होते तिचे. आईनं, निंगव्वानं, त्या दिवशी मला कन्नडात आणि मराठीत दोन्हीकडून धुतलं. मी एकच सांगितलं, "ज्या घरात माझं मशीन जाईल, त्याच घरात मी जाईन. नाहीतर हितंच राहीन."

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवून मी स्कूटर काढली ती थेट नवी पेठेत. पृथ्वीराज दारात उभाच होता, नवा कुर्ता घालून, हातात पेन्सिल घेऊन.

"मी खुणा करून ठेवल्यात," अभिमानानं म्हणाला.

मी लेव्हल लावून बघितली. एक खूण सोलापुरात, दुसरी पंढरपुरात. "पुसा," म्हटलं. "आणि शिडी धरा. की वर चढताय?"

"नाही नाही… मी धरतो. मला उंचावर… म्हणजे… जरा गरगरतं."

मी वर चढले. मशीन दगडाला टेकवलं, बटण दाबलं. घर्रर्र! पूजेनंतरचा पहिला आवाज. मनगटापासून खांद्यापर्यंत तो थरार चढत गेला. मला तो फार आवडतो, कुणी काही म्हणो. दगडाची करडी पूड भुरभुरत खाली पडू लागली… आणि खाली बघते तर काय, सगळी त्याच्या डोक्यावर! केस, भुवया, चष्मा सगळं राखाडी. तरी हा शिडी सोडेना.

"बाजूला व्हा की हो!"

"तुम्ही पडाल."

"मी रोज चढते. मी नाही पडत."

"आज मी आहे म्हणून नाही पडणार," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून खाली बघू लागला.

तेवढ्यात रिक्षा थांबली. त्याचे आईवडील उतरले. आई दगडाबाई, काठापदराचं लुगडं, ठसठशीत कुंकू. वर बघून कमरेवर हात ठेवला.

"पृथ्वी, वर कोण हाय रं? आगं बया… पोरगी हाय व्हय! लई धिटाची हाय की!"

बोर्ड लागला. सरळ, ताठ, जागचा न हलणारा. वडिलांनी तो लांबून बघितला, जवळून बघितला आणि "ब्येस" एवढंच म्हणाले. पृथ्वीराजनं असा श्वास सोडला की मला शिडीवर ऐकू आला. मग त्यानं आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या, माया…" आणि थांबला. माझं पूर्ण नाव त्यानं महेश्वरकाकांकडून काढलेलं दिसत होतं, पण पुढचं 'क्का' त्याच्या तोंडून निघेना.

"अक्का म्हणायचं जिवावर आलं का?" मी विचारलं.

"फारच," तो म्हणाला.

आणि मग सुरू झाली भोकांची रांग! घड्याळ लावायचंय. आरसा लावायचाय. आरसा जरा वर हवा. कॅलेंडरला खिळा हवा, पण ह्याचाच आरडाओरडा, दगडात खिळा जात नाही. दर दोनचार दिवसांनी फोन. "माया, एक छोटंसं काम होतं…"

"अहो, भिंतीची चाळण होईल."

"होऊ दे. हवा खेळती राहील."

"घड्याळ एक आणि आरसे चार? दुकान चष्म्याचं आहे की सलूनचं?"

"तुम्ही काम करता ना… एका आरशात पाठमोऱ्या दिसता. म्हणून."

इतकं धडधडीत बोलायचा, आणि बोलून झाल्यावर कान लाल. मी मशीनचं बटण जरा जास्तच वेळ दाबून धरायचे, माझ्या छातीतली धडधड त्यात लपून जावी म्हणून.

एकदा तो म्हणाला, "मला शिकवाल? हे चालवायला?"

मी मशीन त्याच्या हातात दिलं. त्यानं ते तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत धरलं. मी वरून हात धरला. "घट्ट धरा, पण रेटायचं नाही. त्याचं काम त्याला करू द्यायचं. आणि हे बघा, हे हातोडीचं चिन्ह. दगडाला हॅमर. टाइलला मात्र आधी हॅमर बंद, नुसतं हळू फिरवायचं. नाहीतर तडकते."

"टाइलला आधी हळू," तो माझ्याकडं बघत म्हणाला.

"भिंतीकडं बघा."

"बघतोय की."

आमचं एकच भांडण झालं ते डोळ्यांवरून. तो म्हणाला, "खूण बघताना तुम्ही डावा डोळा बारीक करता. नंबर असेल. एकदा तपासू या."

मी भडकले. "माझं एक भोक तिरकं दाखवा! एक!"

"तिरकं नाहीच. पण संध्याकाळी डोकं दुखतं ना?"

दुखत होतं. रोज दुखत होतं. मला वाटायचं, आवाजानं. मी गपचूप खुर्चीत बसले. त्यानं काचा बदलल्या, एक, मग दुसरी, मग तिसरी. त्याचा चेहरा इतका जवळ, पण या वेळी त्याच्या डोळ्यांत खट्याळपणा नव्हता. कामावरचा माणूस होता तो, आणि मला तो तसा जास्तच आवडला.

आठवड्यानं त्यानं एक डबी पुढं केली. आत गॉगल होता, धूळ आत जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी बंद, आणि काचेत माझा नंबर. "चढताना हाच घालायचा," म्हणाला. मी घातला. समोरच्या साड्यांच्या दुकानातल्या पुतळीच्या पदराची नक्षी दिसली. वायरीवरच्या चिमणीची चोच दिसली. आणि वळले तर त्याच्या उजव्या भुवईत एक बारीक तीळ! इतके दिवस मला दिसलाच नव्हता. मी प्रेमात पडलेय हे मला तेव्हा कळलं. पडले मात्र त्याच्या खूप आधी असणार.

"कसं दिसतंय?" त्यानं विचारलं.

"स्पष्ट," मी म्हटलं, आणि पळाले.

दिवाळीनंतर पृथ्वीराज आईवडिलांना घेऊन होटगीला आला. माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "जेऊरचे केळीवाले ते, आपण मेंढरंवाले. जमंल का?" पण आबा पडवीत बसून त्याच्या वडिलांशी बोलू लागले तर काय, जेऊरच्या त्यांच्याच शिवारात आबांची मेंढरं कितीदा खतासाठी बसली होती! दोघं मातीच्या गोष्टींत रंगले. वाटलं, जमलं सगळं.

मग दगडाबाईंनी पदर सावरला. "पोरगी पसंत हाय. दुकानाच्या दिशीच बघितली की म्या. पर एक हाय. लग्नाआधीचं निराळं. सून शिडीवर चढून लोकांच्या भिंती फोडती म्हटल्यावर गावात काय तोंड दाखवू? लग्न झाल्यावर ते मशीन ठिवून द्यायचं."

मी पृथ्वीराजकडं बघितलं. बोल… आता तरी बोल. त्यानं तोंड उघडलं. आईकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं… आणि चष्मा काढून पुसायला लागला.

बस्स. मी उठले. "पोहे झाले असतील तर बशा नेते," म्हटलं आणि सगळ्यांच्या बशा उचलल्या. स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ मोठा सोडला आणि रडले. दुसऱ्या मुलाच्या वेळी राग आला होता. या वेळी नुसतं दुखत होतं.

आई दारात येऊन उभी राहिली. "एकदम ब्याड, नगंच, असं म्हणू नको गं. माणूस चांगला हाय."

"चांगला आहे म्हणूनच रडतेय. पण मशीन ठेवून जाणार नाही. तू पण परत विचारू नको."

त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. नवी पेठेतलं काम असलं तरी त्या बोळातून गेले नाही. गॉगल मात्र रोज घालत होते. डोकं दुखायचं थांबलं होतं, काय करणार?

एका सकाळी महेश्वरकाकांनी फोन केला. "माया, तुझ्या कामाची तक्रार आलीय बघ. चष्म्याच्या दुकानाचा तू लावलेला बोर्ड हलतोय म्हणे."

"माझा? माझा बोर्ड हलतोय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मन मोडलं तर मोडू दे, पण माझ्या कामाला नाव ठेवता? मशीन घेतलं, स्कूटरला किक मारली.

बोळात ही गर्दी! माणसं माना वर करून उभी. मी वाट काढत पुढं गेले. माझा बोर्ड होता तसाच होता, ताठ. खाली मात्र शिडी. शिडीच्या वरच्या पायरीवर पृथ्वीराज, चेहरा पांढराफटक, एका हातात कुणाचं तरी वायरचं मशीन, दुसरा हात चौकटीला घट्ट. आणि शिडी कुणी धरली होती? दगडाबाईंनी! पदर खोचून, दोन्ही हातांनी, दात आवळून.

"कोण म्हणालं बोर्ड हलतोय?" मी ओरडले.

"बोर्ड नाही हलत," वरून आवाज आला. "मी हलतोय."

"खाली या आधी!"

"नाही. त्या दिवशी जमिनीवर बसून मला बोलता आलं नाही. आज इथून बोलतो. माया, मी त्या दिवशी गप्प बसलो. चुकलो. मशीन नसलेली माया मला माहीतच नाही. मला तुम्ही हव्या आहात, या मशीनसकट, धुळीसकट, रागासकट. रोज शिडी मी धरीन. आईला सांगितलंय, हा बोर्ड लागल्याशिवाय मी उतरणार नाही."

तेव्हा मी बघितलं. दाराशेजारच्या टाइलच्या खांबावर एक छोटा बोर्ड लटकत होता, एका बाजूला कलंडलेला, आणि टाइलला वरून खालपर्यंत तडा. बोर्डावर लिहिलं होतं: 'मायाक्का येडू कोळेकर. भिंतीत भोक पाडण्याची सर्व कामे.'

माझं पूर्ण नाव. आबांच्या नावासकट. नवी पेठेत, रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असं.

"सकाळधरनं चढतोय आन उतरतोय," दगडाबाई करवादल्या. "ल्हानपणी माळ्यावर चढवला की भोकाड पसरायचा. आन आज माझं ऐकंना! म्हटलं पडंल मेला, म्हणून धरली शिडी."

"मावशी," मी त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, शिडीवरच्या लेकाकडं बघितलं. मग त्या कलंडलेल्या बोर्डाकडं.

"माझं म्हणणं? आपल्या घरचा बोर्ड असा वाकडा नगं दिसाया. लोकं हसत्यात. तू सरळ करून दी. गावात काय सांगायचं ते माझं मी बघंन."

आपल्या घरचा! मी खाली मान घालून मशीनला बिट लावू लागले, कारण डोळे भरले होते आणि अख्खी नवी पेठ बघत होती.

पृथ्वीराज एकेक पायरी करत उतरला. मी तड्यावरून बोट फिरवलं.

"टाइलवर डायरेक्ट हॅमर मारलात ना?"

"हो…"

"काय शिकवलं होतं?"

"आधी हळू. पण आज मला घाई होती."

"ऐकत म्हणून नाही तुम्ही."

"माया… हो म्हणालात का?"

"भोक पाडू द्या आधी."

मी वर चढले. त्यानं शिडी धरली, शेजारी दगडाबाईंनीही धरली. गॉगल घातला तरी खूण दिसेना. नंबरचा काय दोष, आतून पाणी. डोळे पुसले, हॅमर बंद केलं, हळू फिरवलं. टाइल सुटली, मागं दगड लागला, मग हॅमर चालू. घर्रर्र! त्या आवाजात मी म्हटलं, "हो."

"काय?" तो खालून ओरडला. "ऐकू नाही आलं!"

मी मशीन बंद केलं. "हो म्हटलं! हो! किती वेळा सांगू?"

साड्यांच्या दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धूळ परत त्याच्याच डोक्यावर पडली होती आणि तो तसाच, राखाडी भुवयांनी, वेड्यासारखा हसत होता.

परवा खंडेनवमी झाली. पाट या वेळी आमच्या दुकानात मांडला होता, तडा गेलेल्या त्या टाइलच्या खांबाशेजारी. टाइल मी बदलू दिली नाही. पाटावर माझं मशीन, त्याच्या काचांची पेटी, दोघांना एकच झेंडूची माळ. हळदीकुंकू सासूबाईंनी लावलं. त्या खास जेऊरहून आल्या होत्या.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत दारात आला. बोर्ड वाचून आला होता. "काकू, मायाक्का कुठंय? बॅटरीचं मशीन पाहिजे होतं. फक्त एकच भोक हो, दोन मिनिटांचं काम…"

मी उठणार होते. पृथ्वीराजनं हसून माझा हात धरला, थांब म्हणाला. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एकबी न्हाय. आज आमची सून मशीन उचलत न्हाय. उद्या या." आणि त्यांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.